मायनर खात्यातला मेजर

जालन्यातल्या या वसाहतीला समाधान कॉलनी हे नाव ज्यानं दिलं, तो स्वतः तिथं राहायला आला नाही. म्हणूनच त्याला ते सुचलं असावं. काकासाहेब मात्र प्लॉट पडले तेव्हापासून तिथं राहत होते, आणि मच्छिंद्र शेजारी येईपर्यंत बऱ्यापैकी समाधानीही होते.

काकासाहेब लघुपाटबंधारे खात्यातून अधीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. फार खोलात शिरायचं तर ते वरिष्ठ लिपिक होते आणि अधीक्षकबाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेवढ्यापुरते प्रभारी अधीक्षक झाले होते. पण खोलात शिरायचं काम विहीर खोदणाऱ्यांचं, लघुपाटबंधारेवाल्यांचं नव्हे. कॉलनी त्यांना ‘साहेब’ म्हणायची आणि ते ओ द्यायचे. आमच्याकडची ती रीतच आहे. माणसाला आहे त्यापेक्षा एक पायरी वर चढवून हाक मारायची. कॉलनीचा अध्यक्ष बद्रीनाथ हा एका दवाखान्यात कंपाउंडर, पण सगळे त्याला डॉक्टर म्हणत. संपत कोर्टाबाहेर टेबल टाकून मुद्रांक विकायचा, तो वकीलसाहेब. यात फसवणूक कोणाचीच होत नाही. खरोखरच ताप आला तर माणूस बरोबर दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. हाक तेवढी चांगली मारावी. त्याला काय पैसे पडतात?

तर अशा या साहेबांचा कॉलनीत एक मान होता. पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला मारुतीच्या देवळासमोर झेंडा फडकवायचा तो त्यांनीच. आदल्या दिवशी त्यांच्या पत्नी उषाबाई पांढऱ्या सदऱ्याला नीळ घालत, इस्त्री करत. दोरी ओढताना काकासाहेब मान अशी काही वर करत, की बघणाऱ्याला वाटावं, स्वातंत्र्याच्या फायलीवर शेवटची सही यांचीच आहे. आता झेंड्याची गाठ त्यांना कधी धड बांधता आली नाही, ही गोष्ट वेगळी. एका वर्षी तर कितीही ओढलं तरी ती सुटेना, तेव्हा बद्रीनाथनं बांबू आणून झेंडा वरच्या वर ढोसला आणि लोकांनी राष्ट्रगीत बांबूसकट म्हटलं. पण गाठीचा दोष गाठीला. मान तो मान.

मग मच्छिंद्र आला. मंठ्याकडचा माणूस, फौजेची नोकरी संपवून आलेला. शेजारच्या प्लॉटवर त्यानं बेतशीर घर बांधलं, दारात दोन झेंडूच्या ओळी लावल्या, त्याही दोरी धरून. आल्याच्या पहिल्या आठवड्यात दूधवाल्यानं त्याला ‘मेजर’ म्हटलं, दुसऱ्या आठवड्यात सगळ्या कॉलनीनं. त्याची बायको नंदाबाई आपोआप मेजरीणबाई झाली. उषाबाईंना इतकी वर्षं कोणी साहेबीणबाई म्हटलं नव्हतं, त्या आपल्या काकू त्या काकूच. काकासाहेबांना पहिली ठिणगी लागली ती तिथं.

पुढं ती विझली नाही, कारण मच्छिंद्र रोज तिच्यात काहीतरी टाकायचाच. तो पहाटे पळायचा. त्याच्या मिशा वर वळलेल्या होत्या आणि कोणी बघत नसतानाही वरच राहायच्या. कॉलनीतलं भुरकं कुत्रं काकासाहेबांच्या दारची भाकरी खाऊन वाढलेलं. पण मच्छिंद्र दिसला की उठून उभं राहायचं. नंदाबाईनं औरंगाबादेच्या छावणीतल्या कँटीनमधून उषाबाईंना एक कुकर आणून दिला, तेव्हापासून घरात शिट्टी झाली की काकासाहेबांना वाटायचं, मच्छिंद्रच ओट्याशी उभा राहून कवायत घेतोय. भात मऊ व्हायचा, मान्य. पण तो घशाखाली उतरायला वेळ लागायचा. काकासाहेबांना हेवा वाटत होता. दुसरं काही नाव द्यायचं कारण नाही. सकाळी तोंड धुताना वाटायचा तो रात्री उशीवर डोकं टेकेपर्यंत वाटायचा.

त्यात कारगिलचं वर्ष आलं. पूर्वी संध्याकाळी चार माणसं काकासाहेबांच्या ओट्यावर पेपर ऐकायला जमत. ती आता मच्छिंद्रच्या अंगणात जमू लागली. तो फरशीवर खडूनं डोंगर काढायचा आणि सांगायचा, गडी इकडून चढले, तोफा तिकडं होत्या. “मी त्याच्याआधीच घरी आल्तो बरं का,” असं तो दर वेळी न चुकता म्हणायचा. लोकांना तो विनय वाटायचा. काकासाहेब आपल्या ओट्यावर एकटेच मोठ्यानं पेपर वाचत बसायचे आणि मध्येच थांबून पलीकडचं ऐकायचे.

डिसेंबरात कॉलनीची बैठक झाली. बद्रीनाथ म्हणाला, “यंदा सव्वीस जानेवारीचा झेंडा मेजरच्या हातानं, असं समद्यांचं म्हणणं हाय. काय साहेब, बराबर ना?”

“बिलकुल!” काकासाहेब हसत म्हणाले. “मी तर तेच सुचवणार होतो.” आणि हातातल्या चहाचा त्यांना असा ठसका लागला, की मच्छिंद्रनंच उठून त्यांच्या पाठीवर थापट्या मारल्या.

घरी येऊन त्यांनी चप्पल एक इकडं, एक तिकडं भिरकावली. “मेजर म्हणे! अगं, मेजरला बंगला असतो, जीप असते, दारात शिपाई असतो. हा माणूस काल मेथीच्या जुडीपायी हुज्जत घालून राह्यला होता!”

“तुमीबी घालता की.”

“मी काय मेजर हाय का?”

“न्हाई,” उषाबाई कुकरचं झाकण लावत म्हणाल्या. “तेच तर म्हणून राह्यले समदे.”

त्या रात्री काकासाहेबांच्या डोक्यात एकच विचार राहिला: हा माणूस मेजर आहे का, हे एकदा सिद्ध करायचं. नसेलच! मग झेंडा आपोआप परत येईल.

सकाळी त्यांनी संपतला बाजूला घेतलं. संपतनं वकिली थाटात दोन्ही बाजूंना बघितलं. “सैनिक कल्याणचं ऑफिस हाय ना, साहेब. जिल्ह्यातले समदे माजी फौजी, त्यांच्या बायकामुलांच्या पेन्शनी, पोरांच्या वसतिगृहांची कामं, समदं तिथं. ते बराबर सांगतील. पण असं पायजम्यात जाऊ नका. फौजी लोक हायेत, रुबाबात जा.”

रुबाब म्हणजे पोरीच्या लग्नातला कोट आणि त्याच लग्नातले काळे बूट. कोट बसला. बूट मात्र इतक्या वर्षांत आक्रसले होते, की पाय वाढले होते, ते कळेना. डावा तर घोट्यापाशी चावायलाच लागला. बद्रीनाथनं कंपाउंडरच्या अनुभवातून सल्ला दिला, टाचेखाली कापूस घाला. काकासाहेबांनी मूठभर घातला. त्यानं चावणं थांबलं नाही, फक्त डावा पाय उजव्यापेक्षा उंच झाला. अशा रीतीनं एका अंगाला कलत, लंगडत, जालन्याच्या रस्त्यानं काकासाहेब सत्य शोधायला निघाले.

ऑफिसच्या फाटकाशी एक धिप्पाड पहारेकरी होता. त्यानं काकासाहेबांचा कोट बघितला, लंगडणं बघितलं आणि टाच जुळवून म्हणाला, “या मेजर. कोणाला भेटायचं?”

काकासाहेबांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी मेजर म्हटलं. छातीत काहीतरी फुलल्यासारखं झालं. ते दाबून ते म्हणाले, “मला मेजरसाहेबांना भेटायचंय.”

“कोणत्या मेजरला? मोठे मेजर बाहेर गेल्ते, येतीलच इतक्यात. पेन्शनीचं बघणारे मेजर आत हायेत. आन् चहाचे मेजर आत्ताच किटली घेऊन गेले.”

काकासाहेबांच्या लक्षात आलं, की इथं मेजर हा शब्द कोथिंबिरीसारखा वर टाकायचा असतो. ते आत गेले. व्हरांड्यात बाकावर बरीच माणसं बसली होती. ध्वजदिनाचे दिवस, कोपऱ्यातल्या टेबलावर निधीचे डबे आणि टाचणीला लावलेल्या छोट्या झेंड्यांचा ढीग होता. बाकाच्या टोकाला पांढऱ्या मिशांचा, फेट्यातला एक म्हातारा होता. त्यानं काकासाहेबांकडे टक लावून बघितलं.

“राम राम. मी वाटूरचा कडूबा. तोफखान्यात व्हतो. जरा मोठ्यानं बोला, कानावरून लई तोफा गेल्या. तुमची कोन्ची पल्टन?”

पल्टन म्हणजे खातं, एवढं काकासाहेबांना समजलं. ते ताठ झाले. मराठीत लघु म्हटलं की खातं उगाच लहान वाटतं, म्हणून अशा ठिकाणी ते इंग्रजी नाव वापरत. “मायनर इरिगेशन!”

“काय?”

“मायनर!”

“माइन?”

“मायनर, मायनर!” काकासाहेब त्याच्या कानाशी ओरडले.

कडूबाचे डोळे मोठे झाले. त्याची नजर त्यांच्या डाव्या पायावर गेली. “अरे द्येवा! हे माइनवाले हायेत. सुरुंग काढनारे!” त्यानं साऱ्या बाकाला सांगितलं. “मंग हा पाय त्याच्यातच...”

“नाही हो! पायाला काही नाही. बुटामुळं झालंय ते.”

“बुटाखालीच आला!” कडूबानं भाषांतर केलं. बाकावरून हळहळ उमटली.

“अहो, मी सिव्हिलमधला माणूस आहे!” काकासाहेब कळवळून म्हणाले.

“सिव्हिलात व्हते. दवाखान्यात. किती दिस काढले, मेजर?”

“छत्तीस वर्षं!” काकासाहेबांनी आपली नोकरी सांगितली. एका माणसानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

बाकाच्या मधोमध एक म्हातारी बसली होती. चांगुणाबाई तिचं नाव, राजूरची. तिचा नवरा फौजेत गेला तो परत आला नव्हता. तिच्या लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावाचा काहीतरी घोळ होऊन पेन्शन अडली होती, म्हणून ती सकाळच्या एसटीनं आली होती. ती गुडघ्यावर हात टेकून उठली. “बसा दादा. पायानं गेलेलं माणूस, उभं कशापायी राह्यचं? मला काय, सवय हाय.”

काकासाहेबांना वाटलं, आत्ता सांगावं. उठून मोठ्यानं सांगावं, की बाई, मी कालवा आणि पाझर तलावांचा कारकून आहे, बसा तुम्ही. पण कडूबानं खांद्याला धरून त्यांना खाली दाबलं आणि ते बसले. जागा ऊबदार होती. त्यांना फार लाज वाटली. लाज वाटली, तरी ते उठले नाहीत, हेही सांगायला हवं. कारण तेवढ्यात चहाच्या मेजरनं पहिला कप त्यांना दिला होता, सगळ्यांच्या आधी, आणि मच्छिंद्रला असे पहिले कप किती मिळत असतील, या विचारात ते गढून गेले होते.

मोठे मेजर आले. भला माणूस. कडूबानं फाटकापाशीच त्यांना गाठून सगळी हकीगत ऐकवली, त्यामुळं ते आले ते थेट काकासाहेबांपाशी. त्यांचा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, “तुमच्यासारखे लोक इकडं येतच नाहीत. पुढच्या वेळी तुमचं डिस्चार्ज बुक घेऊन या. तुमच्या हक्काचं जे असेल ते आम्ही बघू.”

“मला काही नको!” काकासाहेब घाबरून ओरडले. “खरंच सांगतो, काही नको!”

“पाहा,” मोठे मेजर बाकाकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले. कडूबानं डोळे पुसले.

आता इथून निसटायचं, तर आलेलं काम उरकलं पाहिजे. काकासाहेबांनी आवाज खाली आणला. “फक्त एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी मंठ्याकडचे मच्छिंद्र म्हणून आहेत...”

“ओळखतो की! निधीचे डबे फिरवायला पहिले तेच येतात. हवालदार मेजर.”

काकासाहेबांचे कान टवकारले. “म्हणजे हवालदार?”

“हवालदार मेजर.”

“म्हणजे मेजर नव्हेत?”

“आहेत ना. हवालदार मेजर.”

“पण मेजर म्हणजे जो अधिकारी असतो तो?”

“तो नव्हे. तो मेजर. हे हवालदार मेजर. कंपनीतली शिस्त बघायची जबाबदारी असते त्यांच्यावर.”

काकासाहेबांनी या उत्तरातला ‘हवालदार’ तेवढा उचलला, ‘मेजर’ तिथंच ठेवला आणि ते निघाले. निघताना त्यांच्या कोटाला छोटा झेंडा लावण्यात आला. आता लंगडणं भाग होतं. कापूस तर होताच. पहारेकऱ्यानं स्वतः रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याच्या कानात दोन शब्द सांगितले. रिक्षावाल्यानं वाटभर एक खड्डा चुकवायचा सोडला नाही, पैसे घेतले नाहीत, आणि समाधान कॉलनीच्या तोंडाशी खच्चून ओरडला, “उतरा मेजर, संभाळून! पाय!”

दूधवाल्यानं ते ऐकलं. भुरक्या कुत्र्यानंही मान वर केली, पण काकासाहेबांना बघून परत खाली ठेवली.

“पायाला काय झालं?” उषाबाईंनी विचारलं.

“बूट चावला.”

“मंग तो रिक्षावाला कोणाला मेजर म्हणून राह्यला होता?”

“मला काय ठाऊक? फिरला असेल डोक्यानं,” काकासाहेब म्हणाले, आणि कोट काढताना त्यांनी छातीवरचा झेंडा जरा सरळ केला.

पुढच्या रविवारी झेंड्याची तयारी ठरवायला देवळासमोर पुन्हा बैठक बसली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. काकासाहेबांनी भाषणाची तयारी केली होती. ते उठले, घसा खाकरला आणि म्हणाले, “मला व्यक्तीबद्दल काही म्हणायचं नाही. मुद्दा पदाचा आहे. आपण ज्यांना मेजर म्हणतो ते मेजर नाहीत, हे मी अधिकृतपणे चौकशी करून आलो आहे. ते हवालदार आहेत!”

सगळे मच्छिंद्रकडे बघू लागले. मच्छिंद्र मांडी मोडून उठला. “हवालदार मेजर. पण साहेबांचं बराबर हाय. मी आल्यापासनं सांगून राह्यलो, मला मेजर म्हणू नका. कोणी ऐकतच न्हाई.”

या कबुलीनं खरं तर काम व्हायला हवं होतं. पण काकासाहेबांना थांबवेना. तयारी पुढचीही होती. “ज्याचं जे पद असेल, त्याला त्याच पदानं ओळखलं गेलं पाहिजे! मग तो कोणीही असो!”

बद्रीनाथनं इंजेक्शनची पिशवी हळूच सतरंजीखाली सरकवली. त्याच दिवशी सकाळी एका घरी त्यानं डॉक्टर म्हणून नाश्ता केला होता. संपत मुद्रांकासारखा पांढरा पडला. शेवटी तोच म्हणाला, “साहेब, असं खोदत बसलं, तर पानी कुणाच्याबी घरात लागंल.”

“मंग त्या अधीक्षकबाई रजेवरून परत आल्त्या, ते...” बायकांतून कोणीतरी सुरू केलं, आणि उषाबाईंनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला. काकासाहेबांना तो पदर दिसला आणि त्यांच्या पायाखालची सतरंजी हलल्यासारखी झाली.

नेमका त्याच क्षणी कोपऱ्यावरून एक फेटा आला. कडूबा! हातात मोसंब्यांची पिशवी, चालीत परेड. “राम राम! माइनवाले मेजर इथंच राहत्यात ना? रिक्षावाल्यानं हीच कॉलनी सांगितली.” तो तोफखान्याच्या आवाजात म्हणाला. मग त्याला काकासाहेब दिसले. पिशवी खाली ठेवून त्यानं कडक सलाम ठोकला. “मेजर! घरच्या बागंतली मोसंबी हायेत. आन् त्या राजूरच्या चांगुणाबाईनं सांगावा धाडलाय. तिचं काम झालं बरं का. तिनं राजूरच्या गणपतीला तुमच्या पायापायी नारळ बोललाय.”

कॉलनी एकदा कडूबाकडं बघे, एकदा काकासाहेबांकडं. काकासाहेबांना काहीतरी करणं भाग होतं, म्हणून ते चार पावलं लंगडत पुढं आले.

कडूबाच्या कपाळाला आठी पडली. “त्या दिशी डावा व्हता ना?”

काकासाहेब उजव्या पायानं लंगडत होते. जमिनीत गडप व्हावं असं माणसाला वाटतं म्हणतात. त्यांना तेवढं जमलं असतं तर पुरे झालं असतं. त्यांनी मच्छिंद्रकडं बघितलं. सगळं आता त्याच्या हातात होतं. एक वाक्य बोलायचा अवकाश, की झेंडा, ओटा, साहेब ही हाक, सगळं एका झटक्यात जाणार. आणि काकासाहेबांना पक्कं ठाऊक होतं, की त्याच्या जागी आपण असतो, तर ते वाक्य कधीच बोलून मोकळे झालो असतो.

मच्छिंद्रनं कडूबाला विचारलं, “कोन्ती पल्टन म्हणले व्हते?”

“माइनर!”

मच्छिंद्रच्या मिशीचं एक टोक जरासं हललं. “थंडीत दोन्ही पाय दुखतात त्यांचे,” तो कडूबाच्या कानाशी मोठ्यानं म्हणाला. “हेच आमचे माइनवाले मेजर. त्यांना त्यातलं बोललेलं आवडत न्हाई, म्हणून कॉलनीत कोणाला ठाऊक न्हाई.” आणि टाचा जुळवून त्यानंही सलाम केला.

“हो, हो,” बद्रीनाथ घाईनं म्हणाला.

“तर काय! आमचे मेजर,” संपत म्हणाला. एकमेकांची हाक राखायची, ही कॉलनीची रीत. कोणी हसलं नाही. नंदाबाई तोंडाला पदर लावून घरात गेली ती मोसंब्यांसाठी सुरी आणायला, असं ती नंतर सांगायची.

“आन् झेंडाबी साहेबच फडकवतील,” मच्छिंद्र म्हणाला. “आमच्यात मोठ्यानं झेंडा फडकवायचा आन् लहानानं सलामी द्यायची.”

नको, हे काकासाहेबांच्या अगदी ओठांवर आलं. तिथवर येऊन ते परत गेलं. झेंडा परत मिळाला होता. त्यांना मच्छिंद्रच्या गळ्यात पडावंसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी त्यांच्या पोटात नवीनच आग पडली. माणसानं इतकं चांगलं वागावं, तेही आपल्याशी, तेही चारचौघांत! मिशीचा हेवा करता येतो, कुकरचा करता येतो. पण या चांगुलपणाचा हेवा करून जायचं कुठं? त्या रात्री ते मच्छिंद्रवर जितके जळले, तितके आधी कधीच जळले नव्हते.

सव्वीस जानेवारी उजाडली. सदऱ्याला नीळ होती, मान वर होती. कडूबा वाटूरहून खास आला होता. काकासाहेब दोन्ही पायांनी सरळ चालत खांबापर्यंत गेले. म्हातारीचा नारळ वाया जाऊ द्यायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

“बघा, राजूरचा गणपती!” कडूबा सगळ्यांना सांगत सुटला.

काकासाहेबांनी दोरी ओढली. एकाच हिसक्यात गाठ सुटली, झेंडा उलगडला, झेंडूच्या पाकळ्या खाली आल्या. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं. डोळ्यांत पाणी आणून त्यांनी मागं वळून बघितलं. कोणीही त्यांच्याकडं बघत नव्हतं. सगळी कॉलनी मच्छिंद्रकडं बघत होती. तो बाजूला सलामी देऊन उभा होता, असा, की भुरकं कुत्रंही त्याच्या पायाशी ताठ उभं होतं. उषाबाईसुद्धा तिकडंच बघत होत्या.

“काय गाठ बांधलीय मेजरनं!” बद्रीनाथ म्हणाला. “सकाळी स्वतः येऊन बांधून गेल्ते.”

तरीसुद्धा झेंडा आपणच फडकवला, मेजरही आता आपण झालो, अशी स्वतःची समजूत घालून काकासाहेब दुसऱ्या दिवशी ओट्यावर पेपर घेऊन बसले. दूधवाला सायकल थांबवून उषाबाईंना म्हणाला, “काकू, मेजरला सांगा, आज दूध उशिरा येईल.”

“कोन्त्या मेजरला?” उषाबाईंनी विचारलं. एका भिंतीला दोन मेजर झाल्यावर प्रश्न बरोबरच होता.

दूधवाल्यानं क्षणभर विचार केला. मग त्याला सुचलं. त्यानं काकासाहेबांकडं हात केला, “हे न्हाई,” आणि शेजारच्या झेंडूंकडं मान वळवली. “खऱ्या मेजरला.”

संध्याकाळपर्यंत सगळी कॉलनी तसंच म्हणू लागली. मच्छिंद्र कानीकपाळी ओरडून सांगत होता, की मी मेजर नाही, नुसता हवालदार मेजर आहे. पण आता कोणी ऐकायला तयार नव्हतं. इतके दिवस तो नुसता मेजर होता. त्याला खोटा ठरवायला निघालेल्या काकासाहेबांनीच त्याला खरा करून ठेवलं होतं. आत शिट्टी झाली. काकासाहेबांनी पेपर मिटला आणि निमूटपणे भात खायला उठले.